कांजूरच्या मिठागरात बादशहा

कांजूरमार्ग स्टेशनच्या पूर्वेला, द्रुतगती महामार्गाच्या पलीकडे ठाण्याच्या खाडीपर्यंत जी सपाट, खारट जमीन पसरली आहे ती कुणाची? महसूल खाते म्हणते, राज्याची. मीठ आयुक्त म्हणतात, केंद्राची. खासगी दावेदारांची रांग वेगळीच. त्यातल्या एका कंपनीने तर सहा हजारांहून अधिक एकरांवर हक्क सांगून न्यायालयातून संमतीचा हुकूमनामाही मिळवला होता. पुढे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. या भांडणाच्या मुळाशी उतरत गेलो की गाठ पडते राज्यघटनेच्या २९४ व्या कलमाशी, आणि तिथे इंग्लंडचा बादशहा अजून ठाण मांडून बसलेला दिसतो. हे कलम सांगते की घटना सुरू होण्याच्या क्षणापूर्वी जी मालमत्ता बादशहाकडे भारताच्या डोमिनियन सरकारच्या कामांसाठी होती ती संघराज्याची, आणि जी त्याच्याकडे गव्हर्नरच्या प्रांताच्या कामांसाठी होती ती त्या प्रांताच्या जागी आलेल्या राज्याची. मालक एकच, खिसे दोन. आता १९५० साली बादशहाने कांजूरची जमीन नेमकी कोणत्या खिशात ठेवली होती, हे सिद्ध करत बसा.

खिसे दोन झाले १९३५ च्या भारत सरकार कायद्याने. त्या कायद्याने मीठ मध्यवर्ती सूचीत टाकले आणि जमीन व जमीनमहसूल प्रांतांकडे दिला. मिठागरात मात्र या दोन गोष्टी एकमेकींवर बसलेल्या असतात. चिखल मुंबईचा, आणि उन्हात त्यावर पांढरे धरणारे मीठ दिल्लीचे. स्वातंत्र्य आले, प्रजासत्ताक आले, तरी ही वाटणी तशीच राहिली. आजही मीठ संघसूचीत आहे आणि जमीन राज्यसूचीत.

ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हाधिकाऱ्यांनी यातली १०२ एकर जागा मेट्रो-३ च्या कारशेडसाठी एमएमआरडीएकडे दिली. आधी ठरलेल्या आरेच्या जागेतली झाडे वाचवायची म्हणून उद्धव ठाकरे सरकारने हा निर्णय केला होता. केंद्र उच्च न्यायालयात गेले आणि १६ डिसेंबरला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. सरकार पडले, नवे आले, आणि जुलै २०२२ मध्ये कारशेड परत आरेत गेली. त्यानंतर कांजूरमधली १५ हेक्टर जागा मेट्रो-६ च्या डेपोला मिळाली. २०२४ मध्ये तर केंद्राने कांजूर, भांडुप आणि मुलुंड इथली २५५.९ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासातल्या भाड्याच्या घरांसाठी राज्याला द्यायला मंजुरी दिली. त्यात कांजूरच्या आर्थर सॉल्ट वर्क्सचीच १२०.५ एकर. हे तुकडे वेगवेगळे आहेत आणि दाव्यांचे तपशीलही सारखे नाहीत, हे आम्हाला मान्य आहे. तरी चार वर्षांपूर्वी जिथे चिमूटभर हलू देत नव्हते, तिथे पोतीच्या पोती सुटली, ती कायद्यात कानामात्रेचाही बदल न होता. बदलले ते मुंबई आणि दिल्लीतल्या सरकारांचे सूत.

एरवी असे काही घडले की आपण त्याला राजकारण म्हणतो आणि पान उलटतो. यावेळी जरा मागे जाऊन पाहावे असे वाटते. राजाच्या नावाने चालणारा प्रांत आणि राष्ट्रपतींच्या नावाने चालणाऱ्या देशातले राज्य, यांत जास्त मोकळा श्वास कोण घेतो? उत्तर आपल्याला वाटते तितके सरळ नाही.

मुंबई प्रांतापुरते बोलायचे तर १ एप्रिल १९३७ पासून इथे प्रांतिक स्वायत्तता आली. विधानसभा १७५ सदस्यांची. मताधिकार मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटींत अडकलेला. काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरूनही मंत्रिपदे घ्यायला तयार नव्हती. तिचे म्हणणे साधे होते: गव्हर्नरच्या हातात कायद्याने दिलेले खास अधिकार आहेत; ते मंत्र्यांच्या रोजच्या कामात वापरणार नाही, असे आधी सांगा. आणि अधिकार थोडेथोडके नव्हते. मंत्री निवडणे त्याच्या मर्जीवर. मंत्रिमंडळाच्या बैठकीत हवे तर त्याने अध्यक्षस्थानी बसावे. अल्पसंख्य, सनदी नोकर, शांतता यांसाठी त्याची 'खास जबाबदारी'. विधेयक आले तर बादशहाच्या नावाने संमती द्यावी, रोखावे, किंवा व्हाइसरॉयकडे पाठवावे. त्यातून निसटलेला कायदा लंडनहून बादशहा वर्षभरात नामंजूर करू शके. आणि काहीच जमले नाही तर कलम ९३: सगळा कारभार गव्हर्नरच्या हाती.

काँग्रेस अडून बसली तेव्हा गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी साताऱ्याचे सर धनजीशहा कूपर यांना मुख्य प्रधान केले. बहुमत नाही, तरी मंत्रिमंडळ साडेतीन महिने चालले. बहुमत नसलेल्यांचा शपथविधी ही महाराष्ट्रात काही नवी कला नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवू. जूनमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एक निवेदन काढले. त्यात आश्वासन पुरते नव्हते, पण सूर नरम होता. जुलैत काँग्रेसने वर्ध्याला निर्णय घेतला आणि १९ जुलै १९३७ रोजी बाळ गंगाधर खेर मुंबईचे पंतप्रधान झाले. प्रांताच्या प्रमुखालाही तेव्हा हेच नाव होते.

पुढची सव्वादोन वर्षे पाहण्यासारखी आहेत. कायदा तोच, गव्हर्नरचे सगळे दात तोंडात शाबूत. पण रॉजर लम्ले यांच्या काळात सरकार मुख्यतः मंत्र्यांच्या सल्ल्याने चालले. सत्याग्रहात करबंदी करणाऱ्या शेतकऱ्यांच्या जप्त झालेल्या जमिनी परत करणारा कायदा १९३८ मध्ये झाला. राजाविरुद्ध बंड करणाऱ्यांच्या, राजाच्या सरकारने बळकावलेल्या जमिनी, राजाच्याच नावाने दिलेल्या संमतीने परत! ज्यांना घटनात्मक राजेशाही म्हणजे नेमके काय हे पाठ्यपुस्तकातून कळत नाही त्यांनी एवढे एक उदाहरण ध्यानात ठेवावे. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबईत दारूबंदी आली. अबकारी उत्पन्नावर पाणी सोडायचा निर्णयही मंत्र्यांचाच.

खेरांचे मंत्रिमंडळ काही संतमेळा नव्हता. औद्योगिक कलहाच्या विधेयकावरून डॉ. आंबेडकर आणि कम्युनिस्ट एकत्र आले, ७ नोव्हेंबर १९३८ ला संप झाला, गोळीबारही झाला. आंबेडकरांनी पुण्याच्या अधिवेशनात मांडलेले खोती नष्ट करण्याचे विधेयक तसेच राहिले. पण या सगळ्याचा जाब लोकांनी खेरांना आणि गृहमंत्री मुन्शींना विचारला, गव्हर्नरला नव्हे. जबाबदार राज्यपद्धतीची खूण हीच की शिव्या योग्य पत्त्यावर पोचतात.

नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, कलम ९३ लागले आणि १९४६ पर्यंत सल्लागारांच्या मदतीने गव्हर्नरनेच कारभार हाकला. म्हणजे दात खरे होते. याच इतिहासामुळे राजेशाहीच्या आठवणीने उसासे टाकण्याचा आमचा अजिबात विचार नाही.

त्यानंतरचा काळ सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० ही अडीच वर्षे भारत अक्षरशः घटनात्मक राजेशाही होता. राजा सहावा जॉर्ज. मुंबईचे गव्हर्नर जानेवारी १९४८ पर्यंत तेच सर जॉन कोलव्हिल. मग राजा महाराजसिंग आले. १९३५ चाच कायदा, पण त्यातून गव्हर्नरची 'मर्जी', 'खास जबाबदारी' आणि कलम ९३ हे सगळे १९४७ च्या तात्पुरत्या घटना-आदेशाने काढून टाकलेले. मुंबई प्रांताचे सरकार याहून मोकळे ना त्याआधी होते, ना त्यानंतर. त्या अडीच वर्षांत काय झाले पाहा: भाडेनियंत्रण कायदा १९४७, तुकडेबंदी कायदा १९४७, कूळकायदा १९४८, दारूबंदी कायदा १९४९, खोती नष्ट करणारा कायदा १९४९. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर, चाळींच्या भाडेपावत्यांवर आणि देशी दारूच्या गुत्त्यांवर आजवर ज्या कायद्यांची सावली आहे ते बहुतेक सगळे राजाच्या राज्यात झाले. राजा मधे आला नाही. त्याचा प्रतिनिधीही आला नाही.

मग आपण घटना लिहिली. घटना समितीने आधी ठरवले होते की राज्यपाल प्रौढ मतदानाने निवडावा. मे १९४९ मध्ये विचार बदलला: निवडलेला राज्यपाल आणि निवडलेला मुख्यमंत्री एकमेकांच्या उरावर बसतील, त्यापेक्षा राष्ट्रपतींनी नेमावा. युक्तिवादात तथ्य होते. त्या चर्चेत खेर स्वतः बोलले. त्यांचा आशय असा की चांगला राज्यपाल पुष्कळ भले करील, आणि वाईट निघाला तर घटनेने हाती फारसे काही दिलेले नसूनही पुष्कळ उपद्रव करील. गव्हर्नरांच्या राजवटी आतून पाहिलेल्या सॉलिसिटरचे हे मत होते. समितीने ते ऐकले आणि १९३५ च्या कायद्यातली विधेयक रोखून धरण्याची व वर पाठवण्याची तरतूद थोड्या फरकाने कलम २०० मध्ये उतरवली. १९४७ मध्ये हद्दपार झालेले कलम ९३ वेगळ्या वेषात, राष्ट्रपती राजवटीचे कलम ३५६ म्हणून परतले. सुंभ जळाला, पीळ राहिला. काँग्रेसने १९३७ मध्ये परक्या राजाकडून जे आश्वासन मागितले होते ते आपल्याच राष्ट्रपतींकडून मागायचे कुणाला सुचले नाही, कारण आपला माणूस असे काही करणार नाही असा सगळ्यांचा समज होता.

आपल्या माणसांनी पुढे काय केले ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १७ फेब्रुवारी १९८० रोजी दिल्लीतल्या इंदिरा गांधी सरकारने पुलोदचे सरकार घालवून राष्ट्रपती राजवट आणली, त्यासोबत इतर आठ राज्यांच्या सरकारांचीही गच्छंती झाली. तेव्हा हा आजार एका पक्षाचा नाही. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली. केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठकही न घेता, पंतप्रधानांच्या विशेष अधिकारात. सूर्य वर येईतो नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी उरकला होता. विधान परिषदेच्या १२ सदस्यांची ठाकरे मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये पाठवलेली यादी राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे त्या सरकारच्या अखेरच्या दिवसापर्यंत पडून राहिली. ऑगस्ट २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने आठ महिने म्हणजे फारच झाले, असे सुनावले, तरी काही हलले नाही. नव्या सरकारने ती यादी मागे घेतली, आणि अखेर त्या बारापैकी सात जागा भरल्या गेल्या त्या १५ ऑक्टोबर २०२४ रोजी, विधानसभेची निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी. जून २०२२ मध्ये राज्यपालांनी बहुमत चाचणीचा आदेश दिला तो चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी सांगितले. तोवर सरकार जाऊन वर्ष होत आले होते.

आता ज्यांनी राजा ठेवला त्यांच्याकडे वळू. कॅनडात प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर हा संघीय पंतप्रधानांच्या सल्ल्यानेच नेमला जातो, आपल्या राज्यपालासारखाच. प्रांताचे विधेयक राखून ठेवण्याचा त्याचा अधिकार आणि प्रांतिक कायदा नामंजूर करण्याचा केंद्राचा अधिकार, दोन्ही १८६७ च्या घटनेत आजही छापलेले आहेत. पण प्रांतिक कायदा शेवटचा नामंजूर झाला तो १९४३ मध्ये. विधेयक शेवटचे राखले गेले १९६१ मध्ये, सस्कॅचेवानमध्ये. आणि ते पाहून खुद्द पंतप्रधान डीफनबेकर इतके ओशाळले की त्यांच्या सरकारने चटकन संमती देऊन टाकली. तिथे एकदा घडले तर लाज वाटते. इथे तो नित्याचा कारभार.

दात वापरायची वेळ तिथेही येते. जून २०१७ मध्ये ब्रिटिश कोलंबियात सरकारने ४४ विरुद्ध ४२ मतांनी विश्वास गमावला. मुख्यमंत्री क्रिस्टी क्लार्क यांनी सभागृह विसर्जित करून नवी निवडणूक मागितली. लेफ्टनंट गव्हर्नर ज्युडिथ ग्विशन यांनी ती नाकारली आणि विरोधी नेते जॉन हॉर्गन यांना बोलावले. ग्विशन यांची नेमणूक कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधानांची, बोलावणे डाव्या पक्षाला. सभागृहात मतदान आधी झाले, निर्णय नंतर. पहाट उजाडायची घाई कुणाला नव्हती.

आणि जमीन? कॅनडाच्या घटनेच्या १०९ व्या कलमाने सरकारी जमीन प्रांतांची ठरवली. तिच्यावरून संघ आणि ऑन्टॅरिओ भांडले, प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १८८८ मध्ये निकाल प्रांताच्या बाजूने लागला. आज ऑन्टॅरिओची ८७ टक्के भूमी 'राजाची जमीन' म्हणवते, म्हणजे व्यवहारात टोरोंटोच्या सरकारची. ब्रॅम्प्टनमध्ये चार्ल्स राजाच्या निष्ठेची शपथ घेऊन नागरिक झालेल्या आपल्या मराठी माणसाच्या प्रांताला कारशेडसाठी ओटावाच्या दारात उभे राहावे लागत नाही. मात्र त्या १८८८ च्या खटल्याची दुसरी बाजूही आहे. जमीन मुळात ओजिब्वे लोकांची होती. राजाच्या दोन खिशांचे भांडण चालू असताना त्यांना कुणी पक्षकारही केले नाही. कांजूरच्या खटल्यात केंद्र आहे, राज्य आहे, एमएमआरडीए आहे, कंपन्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभे राहून मीठ ओढणारी माणसे कुठल्या रकान्यात आहेत, ते आम्हाला सापडले नाही. ऑन्टॅरिओचा आदर्श घ्यायचा तर इथपर्यंतच.

एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांना विधेयकांसाठी मुदती घालून दिल्या तेव्हा राज्यांना हायसे वाटले. राष्ट्रपतींनी विचारणा केली, आणि २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मत दिले की न्यायालय अशा मुदती घालू शकत नाही, मुदत उलटली म्हणून संमती गृहीतही धरता येणार नाही. फक्त राज्यपालांनी विनाकारण अनंतकाळ बसून राहू नये. अनंतकाळ म्हणजे किती, ते प्रकरणागणिक पाहायचे. त्याच सुमारास राजभवनांच्या पाट्या उतरवून 'लोकभवन' अशा नव्या पाट्या लागल्या. पाटी बदलायला मुदतीची अडचण आली नाही.

न्यायालयाचे मत घटनेच्या शब्दाला धरून असेलही. शब्दात राज्यपालासाठी मुदत नाहीच. ती १९३५ च्या कायद्यातही नव्हती आणि कॅनडाच्या घटनेतही नाही. जी कमतरता कॅनडाने संकेताने भरून काढली ती आपण रिकामी ठेवली, आणि आता न्यायालयाने ती भरायला नकार दिला आहे. घटनादुरुस्ती दिल्लीतला कोणताही पक्ष करणार नाही. सत्तेबाहेर असताना तिचा आग्रह धरायचा आणि आत आल्यावर विसरायचे, हा रिवाज पक्का आहे. विधेयकांसाठी सहा महिन्यांची मुदत सुचवणाऱ्या पुंछी आयोगाच्या २०१० च्या अहवालावर त्यामुळेच धूळ आहे.

तेव्हा निदान मुंबईत करण्याजोगे काही पाहू. मंत्रालयातून निघणाऱ्या प्रत्येक शासननिर्णयाच्या खाली 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असे लिहिलेले असते. हीही १९३५ च्या कायद्याचीच देणगी. त्या नावाने सरकार रोज शेकडो गोष्टी करते. मग त्याच नावाकडे सरकारने काय पाठवले, केव्हा पाठवले आणि ते कुठे अडकले, याचा तक्ता प्रत्येक अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी सभागृहाच्या पटलावर ठेवायला काय हरकत आहे? मंजूर झालेली विधेयके, विधान परिषदेच्या नेमणुकांच्या शिफारशी, दिल्लीला पाठवलेले कागद, आणि प्रत्येकापुढे तारीख. केंद्राच्या ताब्यातल्या जमिनींसाठी केलेली मागणी आणि तिला आलेले उत्तर हेही त्यातच. याला ना घटनादुरुस्ती लागते ना न्यायालय. विधानसभेच्या अध्यक्षांची इच्छा आणि एका कारकुनाची दुपार पुरे. पहिला तक्ता कोणत्या पक्षाच्या सरकारला अडचणीचा जाईल याचा हिशेब मात्र आधी होईल, आणि बहुधा म्हणूनच तो येत्या अधिवेशनातही पटलावर दिसणार नाही.